परतीचा करंट

वापरलेली गाडी घ्यायला निघालेला माणूस इंजिनाचा आवाज ऐकतो, सायलेन्सरचा धूर बघतो, टायर किती घासलेत ते चाचपतो. सोबत कुणी जाणकार असला तर तो ऑइलचं झाकण उघडून आत डोकावतो, क्लच किती वर पकडतो ते पाहतो, दारांच्या कडांना रंगाचा फरक शोधतो. वायरिंग मात्र कुणी बघत नाही. बघणार तरी काय? बॉनेट उघडलं की खाचाखाचांच्या काळ्या नळ्यांत गुंडाळलेले तारांचे जुडगे इकडून तिकडे गेलेले दिसतात, सगळे सारखेच. आणि दहा-बारा वर्षं झालेल्या गाडीतला सगळ्यात जास्त मनस्ताप त्या नळ्यांच्या आत असतो. इंजिन बिघडायच्या आधी महिनोन्महिने कुरकुरतं, ऑइल पितं, धूर सोडतं. विजेचा बिघाड आज असतो, उद्या नसतो, आणि गाडी गॅरेजच्या दारात उभी केली की हमखास नसतो.

अशीच एक गाडी मी रत्नागिरीत चालवते. २०१२ च्या जुलैत डस्टर आली, २०१३ मध्ये इकोस्पोर्ट, २०१५ मध्ये क्रेटा, २०१६ मध्ये विटारा ब्रेझा. उंच बैठकीच्या, खड्ड्यांना न जुमानणाऱ्या, तरी जीपसारख्या वेगळ्या चॅसीवर न बांधता कारच्याच धाटणीने बांधलेल्या या गाड्यांनी मध्यमवर्गाची पसंती बदलून टाकली. त्या पिढीतल्या गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती आहेत. माझी त्यातलीच. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते या वयाच्या कुठल्याही गाडीत होतं.

या गाड्यांसोबत आणखी एक बदल आपल्या दारात आला. आधीच्या साध्या गाड्यांत दिव्याचा स्विच दाबला की करंट स्विचमधून, फार तर रिलेमधून, थेट बल्बला जायचा. या गाड्यांत स्विच बऱ्याचदा फक्त निरोप देतो. निरोप कंट्रोल युनिटला, म्हणजे एका छोट्या कॉम्प्युटरला, मिळतो आणि ते युनिट दिवा लावतं. इंजिनाचं एक युनिट, ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या एबीएसचं एक, एअरबॅगचं एक, स्टिअरिंगचं एक, दारं-काचा-दिवे सांभाळणारं एक. ही सगळी एकमेकांशी दोन पिळलेल्या तारांवरून बोलतात. बॉशने ही पद्धत १९८६ मध्ये डेट्रॉइटला पहिल्यांदा मांडली, नाव कॅन बस. दोन तारांवर अख्ख्या गाडीचा संवाद चालतो, ही मला आजही फार सुंदर कल्पना वाटते. पण त्या संवादातला एकजण गप्प झाला की बाकीचे सगळे तक्रार करायला लागतात, आणि गोंधळ सुरू होतो तो तिथून.

माझ्या गाडीत तो गोंधळ पहिल्याच पावसाळ्यात झाला. हातखंब्याहून रत्नागिरीकडे येत होते. संध्याकाळ, कोसळणारा पाऊस. हेडलाइट, वायपर, काचेवरचं धुकं जावं म्हणून ब्लोअर, मागच्या काचेची हीटिंग, सगळं चालू. एका वळणावर स्टिअरिंग एकदम जड झालं. मीटरमध्ये एबीएसचा दिवा लागला, मागोमाग स्टिअरिंगचा, मग हँडब्रेकचा. ब्रेक लागत होते, इंजिन व्यवस्थित चालत होतं. बाजूला घेऊन गाडी बंद केली, पुन्हा चालू केली, तर एकही दिवा नाही. दुसऱ्या दिवशी उन्हात नावालाही काही नाही. पुढच्या मोठ्या सरीला पुन्हा तेच.

एका मोठ्या वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावला. एबीएस युनिटशी संपर्क तुटल्याचा कोड आला, सोबत व्होल्टेज कमी असल्याचा. एबीएस मॉड्यूल बदलायचं एस्टिमेट हातात पडलं, साठ हजारांच्या घरातलं. माझा प्रश्न एकच होता: पाऊस थांबल्यावर दिवे आपोआप का जातात? मॉड्यूल मेलं असेल तर ते उन्हात जिवंत कसं होतं? त्याचं उत्तर तिथे कुणाकडे नव्हतं, म्हणून गाडी तिथून काढली आणि एमआयडीसीच्या रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये काम करणाऱ्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही तेच म्हणते.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. एस्टिमेट वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाले, “ताई, पार्ट बघायच्या आधी अर्थ बघू या.” अर्थ म्हणजे अर्थिंग, करंट बॅटरीकडे परत जातो ती जोडणी.

त्यांनी काहीही उघडलं नाही. मला गाडी चालू ठेवायला सांगितली आणि पावसात जे जे चालू होतं ते ते लावायला लावलं. हातातला मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून त्याची काळी टोकणी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर टेकवली. क्लॅम्पवर नव्हे, थेट शिशाच्या खांबावर. लाल टोकणी घेऊन ते एकेका जागी जाऊ लागले. क्लॅम्पवर ०.०२ व्होल्ट. बॉडीवर, बॅटरीच्या वायरीचा बोल्ट बसतो तिथे, ०.०५. इंजिनावर ०.०६. मग बॅटरीच्या ट्रेखाली, डाव्या चाकाच्या वरच्या पत्र्यावर तीन-चार काळ्या-तपकिरी तारांची थिंबलं, म्हणजे टोकाच्या धातूच्या कड्या, एकाच बोल्टखाली बसवलेली होती, तिथे. मीटरवर १.९ आलं. चाचांनी टोकणी तिथेच धरून ठेवली आणि मला म्हणाले, “आता स्टिअरिंग जागेवरच फिरवा, पूर्ण.” मी फिरवलं. आकडा ४ च्या पुढे गेला, स्टिअरिंग हातात जड झालं आणि एबीएसचा दिवा लागला. बाहेर लख्ख ऊन होतं.

त्यांनी थिंबलला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. चटका बसण्याइतकं ते तापलं होतं. गाडी बंद करून, बॅटरी सोडवून, १० नंबरच्या पान्याने बोल्ट काढला. थिंबलच्या खालची बाजू हिरवी पडली होती, बोल्टच्या आट्यांना गंज. आणि त्याच्या खाली पत्र्यावर गाडीचाच रंग, गुळगुळीत, लागोपाठ दोन हात मारलेला. कंपनीतून गाडी येते तेव्हा तिथे उघडा धातू असतो. आधीच्या मालकाच्या काळात कधीतरी गाडी डावीकडून ठोकली होती, डेंटिंग-पेंटिंग झालं होतं, आणि रंगावरच थिंबल आवळून टाकलं होतं. गाडी विकताना मला “नॉन-ॲक्सिडेंटल” म्हणून सांगितलेलं होतं. गाडी आधी पुण्यात होती. तिथल्या कोरड्या हवेत बोल्टच्या आट्यांतून का होईना करंट जात राहिला असावा. रत्नागिरीच्या खाऱ्या दमट हवेत त्या आट्यांनाही गंज चढला.

चाचांनी पत्रा घासून चकचकीत केला, नवी थिंबलं लावली, दातेरी वॉशर घातला, बोल्ट आवळला आणि सगळं झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली चोपडली. आधी नाही, नंतर. पुन्हा तेच सगळं चालू करून मीटर लावला. ०.०३. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं तरी ०.०७ च्या वर गेलं नाही. त्यानंतर किती पावसाळी रस्ते झाले, तो दिवा पुन्हा लागलेला नाही.

या सगळ्याचं गणित सोपं आहे. गाडीत प्रत्येक दिव्याला, मोटरला, युनिटला करंट नेणारी तार वेगळी असते. परत आणणारी वाट मात्र बहुतांश सामायिक, म्हणजे गाडीची बॉडी. बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं आणि ठिकठिकाणचे हे अर्थचे बोल्ट म्हणजे त्या परतीच्या वाटेची तोंडं. माझ्या गाडीत त्या एका बोल्टवरून एबीएसचा, स्टिअरिंगचा, डाव्या हेडलाइटचा, वायपर मोटरचा आणि रेडिएटरच्या पंख्याचा करंट परत जात होता. उन्हात यातलं फारसं काही चालू नसतं. पावसात सगळं एकदम चालू, त्यात वळणावर स्टिअरिंगची मोटर भरपूर करंट ओढते. बोल्टवरच चार व्होल्ट संपले की चौदातले दहासुद्धा युनिटला मिळत नाहीत. ते स्वतःला बंद करून घेतं, बोलायचं थांबतं, आणि बाकीची युनिटं स्कॅनरला सांगतात की एबीएसशी संपर्क तुटला. स्कॅनरने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. व्होल्टेज कमी असल्याचा दुसरा कोडही त्याने दिला होता. तो कुणी वाचला नाही.

मोरीचं तोंड तुंबलं की पाणी उंबऱ्यावरून दुसऱ्या खोलीत शिरतं, तसंच या परतीच्या करंटचं होतं. मागच्या दिव्याचा अर्थ गेला की ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद पेटायला लागतो, किंवा इंडिकेटरच्या तालावर पार्किंगचा दिवा लुकलुकतो. करंटला हक्काची वाट मिळत नाही, म्हणून तो शेजारच्या बल्बमधून उलटा जाऊन दुसरीकडे बाहेर पडतो. रस्त्यावर पुढच्या गाडीचे असे दिवे दिसले तर खुशाल समजावं, बल्ब बरा आहे, अर्थ गेलाय.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण ती अनेक शिकलेल्या माणसांनाही चकवते. मीटर बीपवर ठेवून तारेची दोन टोकं तपासली, बीप वाजली, म्हणजे तार चांगली, असं समजलं जातं. तारेत तांब्याचे तीस केस असतील आणि त्यातला एकच शिल्लक असेल तरी बीप वाजते. त्या एका केसातून मीटरचा चिमूटभर करंट सहज जातो, मोटरचा जात नाही. सेल्फ मारताना दीडशे अँपिअरच्या आसपास करंट वाहतो. वाटेत ओहमचा शंभरावा भाग एवढाच अडथळा असला तरी दीड व्होल्ट तिथेच जातो, आणि ओहमचा शंभरावा भाग साध्या मीटरवर दिसतच नाही. म्हणून भार चालू ठेवून व्होल्टेज कुठे हरवतं ते बघायचं. चाचा शाळेत फार शिकलेले नाहीत, ओहमचा नियम ते सूत्राने सांगणार नाहीत. पण त्यांनी शोधताना जे केलं, ते त्या नियमाचं इतकं नेमकं रूप होतं की मला माझ्या कॉलेजातली प्रयोगशाळा फिकी वाटली.

हे शोधणं हाच खरा कामाचा भाग आहे, आणि आपल्याकडे त्यालाच किंमत नाही. गिऱ्हाईक साठ हजारांच्या मॉड्यूलला तक्रार करत का होईना पैसे देतं, कारण हातात खोकं येतं, खोक्यावर नाव असतं. दोन तास मीटर घेऊन वाकलेल्या माणसाला आठशे रुपये द्यायचे म्हटले की “नुसता बोल्ट तर आवळलात” हे वाक्य येतं. मी चाचांच्या शेडमध्ये बसून ते प्रत्यक्ष ऐकलंय, दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या तोंडून, आणि मला संताप आला. मोठ्या वर्कशॉपांतही मेकॅनिकला ठरलेल्या कामाचा ठरलेला वेळ असतो. पार्ट बदलण्याचा वेळ कागदावर बसतो, बिघाड शोधण्याचा बसत नाही. मग तो बिचारा काय करणार? कोड ज्याचं नाव घेतो तो पार्ट बदलणार. बिघाड गेला तर ठीक, नाही गेला तर पुढचा पार्ट. जुन्या गाडीचा मालक या रांगेत उभा राहून खर्चाने थकतो आणि गाडी विकून टाकतो. पुढचा मालक त्याच बोल्टपाशी येतो.

दारांच्या तारांची गोष्टही अशीच. माझी ड्रायव्हरच्या बाजूची काच कधी खाली जायची, कधी नाही. एक दिवस लक्षात आलं की दार अर्धवट उघडं असताना बटण दाबलं की काच हलते, दार लावलं की नाही. चाचांना एवढंच सांगितलं आणि त्यांनी काचेच्या मोटरकडे बघितलंही नाही. दार आणि खांब यांच्या मधे अकॉर्डियनसारखा चुण्यांचा रबरी नळा असतो, त्यातून दारातल्या सगळ्या तारा जातात. दार उघडताना-मिटताना त्या रोज तिथेच वाकतात, वर्षानुवर्षं. नळा सरकवून त्यांनी एकेक तार दोन बोटांत धरून हलकेच ताणली. एक लाल-पांढरी तार रबरासारखी लांबली. वरचं प्लास्टिक अखंड होतं, आतलं तांबं तुटलेलं.

ती छाटल्यावर आत जे दिसलं ते मला आजही डोळ्यांसमोर आहे. तांब्याचे केस काळे पडले होते, आणि काळेपणा प्लास्टिकच्या आत बराच पुढपर्यंत गेला होता. चिरेतून पाणी शिरलं की ते केसाकेसांमधून आत ओढलं जातं. अशा काळ्या तारेला डाग धरत नाही, कितीही तापवा, कथिल गोळी होऊन खाली पडतं. चाचा थोडं थोडं सोलत मागे जात राहिले, चकचकीत गुलाबी तांबं लागेपर्यंत. मग तेवढा नवा तुकडा जोडला, डाग दिला, वरून हीट स्लीव्ह चढवली. जोड मुद्दाम नळ्याच्या बाहेर, दाराच्या आत घेतला, म्हणजे तो वाकणार नाही. हीच जागा सेंट्रल लॉकची, दारातल्या स्पीकरची, आरशाच्या मोटरचीही. आणि डिकीच्या दाराला असाच नळा वर बिजागरीपाशी असतो, तिथून मागचा वायपर, नंबर प्लेटचा दिवा आणि काचेची हीटिंग जाते.

कोकणात राहणाऱ्याने मात्र सगळ्यात आधी पाण्याकडे बघावं. गाडी आंब्या-फणसाखाली उभी असते. वायपरच्या खालच्या जाळीत पानं साठतात, कुजतात, पाणी बाहेर जायची भोकं बुजतात, आणि साठलेलं पाणी ब्लोअरच्या तोंडातून आत येतं. एसीची पाण्याची नळी तुंबली तरी तेच, पाणी रस्त्यावर पडायच्या ऐवजी डाव्या सीटपुढे पायांखाली पडतं. सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यांतून खांबांत उतरणाऱ्या नळ्या वेगळ्याच. गालिचा वरून कोरडा लागतो, त्याच्या खालचा स्पंज आठवडेच्या आठवडे पाणी धरून ठेवतो. आणि तारांचे जोड, कपलर म्हणजे तारा जोडणारे प्लास्टिकचे प्लग, कित्येकदा एखादं युनिटसुद्धा त्या स्पंजाच्या शेजारी असतं. कुबट वास येत असेल तर परफ्यूम लटकवू नका, गालिचा उचला. पुढच्या सीटखाली पिवळ्या रंगाचे कपलर दिसतील. पिवळा रंग एअरबॅगच्या तारांचा. सीट पुढे-मागे करताना ते ढिले होतात आणि एअरबॅगचा दिवा लागतो. त्यांना मात्र मीटर, टेस्ट लॅम्प, काहीही लावायचं नाही. बॅटरी सोडवून काही मिनिटं थांबून मगच हात, तोही माहितगाराचा. हॉर्न आणि स्टिअरिंगवरची बटणं बंद पडून सोबत एअरबॅगचा दिवा लागला असेल तर बहुतेक स्टिअरिंगमधली गुंडाळीची पट्टी तुटलेली असते. तो पार्ट खरोखरच बदलावा लागतो, तिथे काटकसर नको.

पुराच्या गाड्यांबद्दलही लिहायलाच हवं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली बुडाली, २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरली. प्रत्येक वेळी असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यातल्या सगळ्याच भंगारात गेल्या नाहीत. धुऊन-पुसून, सीट कव्हर बदलून कित्येक विकल्या गेल्या. इंजिन साफ होतं, कपलरमधला गाळ होत नाही. तो वर्ष-दोन वर्षांनी हिरवा होऊन बाहेर येतो, तोवर गाडी तिसऱ्या गावात असते. म्हणून गाडी बघताना सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढावा, गाळाची रेघ तिथे सापडते. सीटच्या पट्ट्यांचा गंज, फ्यूज बॉक्सच्या कोपऱ्यातली माती, डिकीत स्टेपनीच्या खालचा खड्डा, एवढं तरी बघावंच. चिपळूणच्या माणसांनी त्या दिवशी काय गमावलं ते मी जवळून पाहिलंय. त्यांच्या चिखलातून काढलेली गाडी दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारून पैसे करणाऱ्यांना मी माफ करू शकत नाही.

उभ्या गाडीची बॅटरी उतरते, ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार, आणि तिच्यावरचा सर्रास उपाय म्हणजे नवी बॅटरी. बॅटरी जुनी असेल तर ठीकच आहे, आपल्याकडच्या उष्म्यात तीन ते पाच वर्षं हेच तिचं आयुष्य. पण नवीही उतरत असेल तर गाडी बंद असताना कोण पितंय ते शोधायचं. सगळं बंद करून लॉक केलेली गाडी पन्नास मिलिअँपिअरपर्यंत करंट घेते, घड्याळ, लॉक, अलार्म यांच्यासाठी. त्या हिशेबाने ४५ अँपिअर-अवरची बॅटरी महिनाभर तग धरते. तेच अर्धा अँपिअर जात असेल तर दिवसाला बारा अँपिअर-अवर गेले, दोन दिवसांत बॅटरी अर्धी, तिसऱ्या-चौथ्या दिवशी सेल्फ नुसता कटकट करतो. तपासताना घाई चालत नाही. युनिटं झोपायला वीस-तीस मिनिटं घेतात, आणि दार उघडं दिसलं तर झोपतच नाहीत. चाचा स्क्रू ड्रायव्हरने दाराचं लॉक फिरवून बंद करतात, म्हणजे दार उघडं असूनही गाडीला ते मिटलंय असं वाटतं. मग फ्यूज न काढता प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टिंबांना मीटर मिलिव्होल्टवर लावत जातात. जिथे आकडा दिसतो, तिथे करंट चालू आहे. फ्यूज उपटला की झोपलेलं युनिट जागं व्हायचा धोका असतो, म्हणून ही रीत.

बहुतेक वेळा सापडतो तो बाहेरून बसवलेला माल. मोठ्या पडद्याचा स्टिरिओ, रिव्हर्स कॅमेरा, जीपीएस, किल्लीशी संबंध न ठेवता थेट बॅटरीवर घेतलेली तार, वर चिकटपट्टी, उन्हाळ्यात तिचा गोंद वितळून उघडा पडलेला जोड. हेडलाइटचंही तसंच. कंपनीचा एच४ बल्ब ६०/५५ वॉटचा. बाजारात १००/९० वॉटचे मिळतात, घाटात उजेड हवा म्हणून लोक लावतात. करंट दीडपटीहून जास्त, तार तीच, होल्डर तोच. होल्डर तपकिरी होऊन कुरतडल्यासारखा दिसायला लागला की समजावं. आंबा घाटात रात्री जास्त उजेड हवासा वाटणं मला पूर्ण कळतं. वेगळे रिले आणि जाड तारा टाकून नीट काम करून घ्यावं. एसीचा ब्लोअर फक्त शेवटच्या, चार नंबरवर चालत असेल तर मोटर चांगली आहे, तिचा वेग कमी करणारा रेझिस्टर जळलाय. ही गोष्ट स्वस्तातली, पण नवा रेझिस्टर बसवताना त्याचा कपलरही बघावा. वितळलेल्या कपलरवर नवा पार्ट फार दिवस टिकत नाही.

उंदरांवर आमच्याकडे प्रत्येकाचा उपाय वेगळा. तंबाखूची पानं, डांबरगोळ्या, फवारे. वास उडून जातो, उंदराचे दात वाढायचे थांबत नाहीत, आणि ते झिजवायला त्याला काहीतरी कुरतडावंच लागतं. बारीक लोखंडी जाळी मारणं एवढाच टिकाऊ उपाय मला पटला आहे.

चाचांच्या हाताखाली आता एक मुलगा शिकतोय. आयटीआय झालेला, लॅपटॉपवर वायरिंगचे नकाशे काढून देतो. कॅन बसच्या दोन तारांमधे बंद गाडीत साठ ओहम यायला हवेत हे त्याने चाचांना सांगितलं. दोन टोकांना १२० चे दोन रेझिस्टर असतात, १२० दिसले तर एका बाजूची वाट तुटलेली. चाचांनी ते लगेच उचललं. आता ते संपर्क तुटल्याचा कोड आला की आधी अर्थ आणि सप्लाय बघतात, मग साठ ओहम, मग पार्टचं नाव काढतात. मुलगा त्यांच्याकडून बोटांनी तार ताणून बघायला शिकलाय, ते लॅपटॉपवर कुठेच नाही. त्याने आणखी एक बदल करायला लावला. बिलावर पहिली ओळ आता “तपासणी” अशी असते, तिच्यासमोर रक्कम असते, आणि ती कामाला हात लावायच्या आधी गिऱ्हाइकाला सांगितली जाते. काहीजण ऐकून निघून जातात. थांबणारे वाढताहेत, असं मुलगा म्हणतो.

माझ्या गाडीचा मागचा वायपर सध्या बंद आहे. नंबर प्लेटचा दिवाही त्याच आठवड्यात गेला, म्हणजे बिजागरीजवळचा नळा बघावा लागणार. मोटर बदला असं एका पेट्रोल पंपावरच्या ओळखीच्या माणसाने सुचवलं. रविवारी शेड उघडी असते, गाडी घेऊन जाणार आहे.